फोर-लो

मे महिन्यात तीन गाड्या बघितल्या.

पहिली कळंगुटची.
पर्यटकांना भाड्याने फिरलेली, आता नवा हिरवा रंग,
छतावर चार दिवे, बॉनेटवर गरुड.
कायतान मेस्त्री पाठीवर आडवा झाला,
चॅसीत स्क्रू-ड्रायव्हर टोचला,
तो पोईत बोट जावं तसा आत गेला.
“डॉक्टर, हिला दर्यानं खाल्लंय,
वरून व्होकल, खालून वाळवी.”
विकणाऱ्याने गॉगल पुसला, वीस हजार उतरवले.
आम्ही उसाचा रस प्यायलो
आणि बसने परत आलो.

दुसरी मडगावची, एका वकिलाची.
तेल वेळेवर, बिलांची फाइल, आरशासारखा डॅशबोर्ड.
किंमत ऐकली आणि मला पतसंस्थेचं पासबुक आठवलं :
दोन लाख तीस हजार,
त्यातच टायर, त्यातच इन्शुरन्स.
वकील हसला नाही, हा त्याचा मोठेपणा.
त्याच्या कुत्र्याच्या कानात गोचीड होती,
तेवढी काढून दिली.

तिसरी रिवणला, फणसाखाली.
खाण बंद पडल्यावर कंपनीने लिलावात काढलेली जिप्सी.
कुष्टा वेळीपने घेतली.
का घेतली, ते त्यालाही नीट सांगता येईना.
अकरा वर्षं तो हिच्यातून खाणीच्या तळाशी उतरायचा,
आता तळाशी पाणी आहे, निळं.
मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली.
तिला उठवायचं नाही,
ही त्याची पहिली अट.

मूळ रंग कुठला, विचारू नका.
सांध्यासांध्यात लाल माती, काच अर्धीच खाली जाणारी.
कायतान खाली सरकला.
ठक्.
पुन्हा ठक्.
लोखंड लोखंडासारखं वाजलं.
मग बराच वेळ तो बाहेर आलाच नाही,
नुसते पाय दिसत होते

आणि मला साळजिणीचा तो फोन ऐकू आला,
मागच्या श्रावणातला :
डॉक्टर, पाय दिसतात फक्त, पुढं काय येत नाही.
मी व्हाळाच्या अलीकडे, स्कूटर धरून.
पलीकडे एक टॉर्च वरखाली हलणारी.
सरकारी जीप सांग्याला, डिझेलची सही सोमवारी.
कसं वळवायचं, कुठे हात घालायचा,
मी ओरडून सांगत होते.
पाण्याने सगळं ऐकून घेतलं.

शेजारी म्हणतात, साधी छोटी घे, ॲव्हरेज देते.
खरं आहे, देते.

कायतान उठला, केसांत पाचोळा.
“ट्रान्स्फर केस थोडी गळते. सील घालतो.
बाकी म्हातारीची हाडं घट्ट आहेत.”
कुष्टा अडीच लाखांवर अडला.
मी एक ऐंशीवर.
मध्ये गोठ्यातून म्हैस रेकली,
तीन महिने माजावर येत नव्हती.
बाही वर केली, तपासलं,
सांगायचं ते सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या.
बाहेर येऊन हात धुवेपर्यंत
आकडा दोन लाख पाच झाला होता.

मग त्याने छोटा दांडा दाखवला.
“ओढायचा नाही. थांबायचं, क्लच दाबायचा,
निजलेल्या पोराच्या खोलीचं दार लोटतो तसा लोटायचा.
पण त्याआधी खाली उतरायचं, बाये.
पुढच्या चाकांची ही टोपणं हाताने फिरवायची,
फ्रीवरून लॉकवर. दोन्ही.
तू भिजल्याशिवाय
ही चार पायांवर उभी राहायची नाही.”

मी वाकून फिरवून बघितलं.
कडक होतं. मग सुटलं.

इसार दिला.
कोंबडीला अजून अकरा दिवस होते,
हवामान खात्याने आठ सांगितलेले.
कुष्टा आभाळाकडे बघत राहिला, कायतान माझ्याकडे.
मी एक जुनी पाटी मागितली, तळाला भाताचं तूस.
खुडूक कोंबडी रात्री हलवता येते,
काळोखात, दोन्ही हातांनी, अंड्यांची ऊब जायच्या आत.
गाड्यांतलं मला फारसं कळत नाही.
हे कळतं.