खूण

बाबा आता माझं नाव विसरतात.
कोंचेत्ता म्हणतात मला. ती त्यांची बहीण,
सिसिली सोडून कधी निघालीच नाही.
इलारिओला तर नुसतंच "ए, तू."
पण तो खडक तोंडपाठ.

"संडासाचं निळं छप्पर
दगडांच्या ढिगावर आण.
दक्षिणेला दोन बेटांमधली फट मिटली
की इंजिन बंद.
नऊ वाव पाणी. खाली
उपड्या पातेल्यासारखा खडक.
तिथे राहतो तो, पांढऱ्या हनुवटीचा."

हे त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही.
जेराल्डटनच्या बंदरात कुणी विचारलंच
तर बोट दाखवायचे भलतीकडे, उत्तरेला,
जिथे मैलोगणती नुसती वाळू.

आब्रोलोसला येऊन तीन दिवस झाले.
इलारिओचा पडदा पाण्याखालचं सगळं दाखवतो
हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत,
डॉक्टरांनी बाबांच्या मेंदूचा फोटो दाखवला होता तसं.
आणि तिथल्यासारखंच इथेही
हवं ते नेमकं कुठे गेलं, कळत नाही.
स्नॅपर मिळाले. त्यातला मोठा
बोटीशी येईपर्यंत समुद्रसिंहानं अर्धा नेला.
बाल्डचिन नाही.
बाबा बर्फाच्या पेटीत डोकावायचे, झाकण लावायचे,
पाच मिनिटांनी पुन्हा डोकावायचे.

अडचण एवढीच की संडास उरला नव्हता.
दोन वर्षांपूर्वीच्या वादळात छप्पर गेलं,
मागोमाग भिंती.
राहिला सिमेंटचा चार पावलांचा चौथरा
आणि मधलं भोक.
बाबांना हे सांगितलं तीनदा.
तिन्ही वेळा त्यांना ते पहिल्यांदाच कळलं,
तिन्ही वेळा तेवढंच वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी इलारिओनं मला बेटावर उतरवलं,
धक्क्याच्या मोडक्या खांबांपाशी.
हातात एक वल्हं, खेकड्यांच्या पिंजऱ्यांवरची निळी ताडपत्री.
चौथऱ्यावर चढले, वल्ह्याला ताडपत्री बांधली,
डोक्यावर धरली,
आणि मी संडास झाले.

सुरय पक्ष्यांना ते मुळीच पटलं नाही.
त्यांची अंडी सगळीकडे, उघड्यावर,
आणि त्यात ही बाई, फडफडणारी.
टोचे मारले, केसांत शिटले.
वारा ताडपत्रीसकट मला उचलू बघत होता.
बोट नखाएवढी. पुढे गेली, थांबली,
मागे आली.
बाबांचा हात दिसत होता तेवढा,
तोच जुना: तळवा खाली, जरा डावीकडे,
अजून, अजून जरा,
मग सपाट.
इंजिनाचा धूर थांबला.

किती वेळ गेला सांगता येणार नाही.
खांदे गेले होते एवढं नक्की.
मग काठी वाकली, अशी की
इलारिओ गुडघ्यावर बसला.
दोन क्षण हयगय झाली
तर तो खडकाखाली शिरतो, मग दोरी आपली
आणि मासा खडकाचा.
आणि बाबा उभे राहिले.
कठड्याला न धरता. चार महिन्यांत पहिल्यांदा.
मला ओरडायचं होतं, हात हलवायचा होता,
पण छप्पर कसं हलेल?

ते मला न्यायला आले तेव्हा
मासा ओल्या गोणपाटावर होता, अंगभर गुलाबी-करडा,
दात पुढे आलेले,
हनुवटी अशी पांढरी, की दाढी करताना
साबण पुसायचा राहून गेलाय.
बाबा तिच्यावरून अंगठा फिरवत होते.
"हे सगळे मादी जन्मतात," म्हणाले,
"मोठे झाले की मग नर.
हाही आधी कुणाची तरी बहीण होता."

मी ताडपत्रीची गाठ सोडत होते.
त्यांनी वर पाहिलं, एकदम रागावले:
"कोंचेत्ता, छप्पर का काढतेस?
खाली अजून आहेत."