हातचा एक

बेळगावच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी
साहेबांनी फळ्यावर तीन रकाने आखले.
डोळ्यांनी शिकणारे. कानांनी शिकणारे. हातांनी शिकणारे.
आपापल्या वर्गातली मुलं भरा, म्हणाले,
चहा यायच्या आत.

मी भराभर लिहीत गेलो.
हातांच्या रकान्यात पहिला शटुप्पा.
पाटीवर अठ्ठावीस आणि सतरा मांडले
तर खाली तीनशे पंधरा लिहून मोकळा व्हायचा,
आणि वर विचारायचा, बरोबर हाय की ओ गुरुजी?
एका रविवारी मलप्रभेपलीकडच्या भट्टीवर
तो बापाबरोबर कौलं मोजताना दिसला.
दहाची थप्पी झाली की पलीकडं सरकवत होता,
सुटी कौलं अलीकडं,
मधे एकदाही अडखळला नाही.
सोमवारी मी फुटक्या कौलांची पिशवी घेऊन वर्गात गेलो.
महिनाभर वह्या लाल, चड्ड्या लाल,
हेडमास्तर दारातून बघून बघून जायचे.

कानांच्या रकान्यात भरमा.
ऐकलं की पाठ.
फळ्याकडं मान वळवायचासुद्धा नाही.
चौथीत त्याला चष्मा लागला
आणि कळलं, त्याला फळाच दिसत नव्हता.
रकाना खोडायचा राहिला तो राहिलाच.

मग लगमव्वा.
तिच्यापाशी पेन थांबलं.
घरी कन्नड, शाळा आमची मराठी,
कारण तीच ओढ्याच्या अलीकडं.
मी म्हणायचो, आठ आणि सात पंधरा,
पंधराचे पाच, हातचा एक.
ती डावी मूठ उघडायची
आणि आत बघायची.
नीट, वाकून,
घामात चिकटलेलं काही असेल तर म्हणून.
मग माझ्याकडं बघून म्हणायची,
एनु इल्ला.
काही नाही.

वर्ग हसायचा.
मीही हसलो, खोटं कशाला सांगू.
आणि तिसऱ्या वेळी तिच्या त्याच उघड्या हातावर
पट्टी मारली.
हातात काय बघतीस गे, फळ्यावर बघ!

नंतर कौलं देऊन पाहिली,
मणी, चिंचोके, ताल धरून पाढे.
ती सगळं नीट रचून ठेवायची,
आणि पाटी कोरी.
त्यानंतर मूठ मात्र तिनं कधी उघडली नाही.
चौथीनंतर यायची थांबली.
चहा आला. तिचं नाव मी
तिन्ही रकान्यांच्या बाहेर, समासात लिहिलं.
साहेबांनी त्यावर प्रश्नचिन्ह काढून कागद परत दिला.

परवा नंदगडच्या बाजारात
काजूच्या बिया आणि सोलं घेतली.
बिया अडतीसच्या, सोलं सत्तावीसची.
मला घाई नव्हती, निवृत्त माणूस.
बाई पुटपुटत होती, ओठ हलत होते,
आठ, सात, मग ढिगातली एक बी उचलून
डाव्या मुठीत धरली, घट्ट.
कैयाग ओंदु, असं काहीसं ऐकू आलं.
तीन, दोन, पाच.
मग मूठ उघडली, आत बघितलं,
बी परत ढिगात टाकली.
पासष्ट द्या.

मी शंभराची नोट धरून उभा.
तिनं ओळखलं होतं, आधीच, पिशवी पुढं केली तेव्हाच.
गुरुजी, सुटे नाहीत काय?
मराठीत म्हणाली, स्वच्छ.

सुटे होते.
पण मी म्हणालो, नाहीत,
आणि तिनं पस्तीस रुपये मोजून
माझ्या तळहातावर ठेवेपर्यंत
हात उघडा धरून उभा राहिलो.