पासंग

एमायोगी नदी गोठली त्या आठवड्यात
अठ्ठावन्न माणसं आम्ही एकेक करून
बिनखिडकीच्या खोलीत बसवली.
तार्तूत जानेवारीमध्ये तसंही
खिडकी असून काय दिसतं म्हणा.

पडद्यावर शब्द यायचा : पुनाने. म्हणजे लाल.
पण लिहिलेला निळ्या रंगात.
शब्द वाचायचा नाही, रंग ओळखायचा,
बोट निळ्या बटणावर. एवढंच काम.
आणि एवढ्याशा कामात जो तो अडखळायचा
उंबऱ्याला अंगठा लागावा तितका :
सत्तर, ऐंशी मिलिसेकंद.
प्राध्यापक रैत खूश.
"एकही सुटला नाही," म्हणाले,
"आता कोण किती अडखळतं ते मांडा."

व्यक्ती तितक्या प्रकृती,
तर प्रकृती तितके आकडे.
मी यादी केली. चाळीस शब्दांवरून माणूस.
सगळ्यांत वर लेइडा, बाजारात बोरं विकणारी.
बसचालक उर्मास एकेचाळिसावा.
कोट चढवताना त्यानं विचारलं,
"म्हणजे मी जरा मंद का?"
छे छे, म्हटलं मी,
आणि वहीत एक्केचाळीस लिहिलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा तीच खोली,
तीच करकरणारी खुर्ची, तेच बटण.
सरासरी जागची हलली नाही,
दोन मिलिसेकंद, पासंगालाही न पुरणारे.
रांग मात्र विस्कटली
शाळा सुटल्यासारखी.
उर्मास सहावा!
आदल्या रात्री त्याची कुत्री व्यायली होती,
पहाटेपर्यंत तो जमिनीवर बसून होता, तरी सहावा.
लेइडा रात्रभर झोपून आली होती.
बावन्नावी.

त्या संध्याकाळी मी दिवा न लावता बसलो.
पहिल्या रांगेचा दुसऱ्या रांगेशी संबंध :
शून्य पूर्णांक एकतीस.
एकतीस म्हणजे ओळख आहे, पण
रस्त्यात भेटलो तर नाव आठवणार नाही
अशी.

मग हळूहळू ध्यानात आलं.
ज्याचा हात मुळात जड
तो सोप्या शब्दालाही जड, अवघडालाही जड.
आम्ही एकातून दुसरं वजा केलं,
वजाबाकीत हातच गेला,
उरली ती बोटांची थरथर.
आणि ज्या उंबऱ्याला सगळेच सारखे ठेचकाळतात
त्याच उंबऱ्यावर उभं राहून
आम्ही माणसामाणसातलं अंतर मोजत होतो.
शितावरून भाताची परीक्षा होते, खरंय.
शितावरून शिताची?

शनिवारी बाजारात गेलो.
लेइडाकडे आईच्या वेळचा दोन पारड्यांचा तराजू.
दलदलीतली लाल बोरं तोलताना
तिनं पिशवी डावीकडून उजवीकडे नेली,
वजनं उजवीकडून डावीकडे,
पुन्हा तोललं, पुन्हा एकदा.
थंडीनं तिची बोटं बोरांच्याच रंगाची.
"माझा नंबर कितवा?"
पहिला, म्हटलं. आणि बावन्नावा.
ती हसली नाही.
"तराजू दोनदा दोन सांगतो
तेव्हा मी बोरांना बोल लावत नाही,"
म्हणाली, आणि मूठभर जास्त घातली,
न तोलता.

आता चाळीसच्या जागी चारशे शब्द,
एका दिवसाऐवजी पाच दिवस.
रैत म्हणतात पैसे कुठून आणू.
निम्मी माणसं कंटाळून येणार नाहीत,
आणि कंटाळाही प्रत्येकाचा वेगळा,
तो कोण मोजणार, तेही आहेच.
वहीतलं एक्केचाळीस मी खोडलेलं नाही.
शेजारी सहा लिहिलंय,
मधे बरीच कोरी जागा ठेवून.

उर्मास येणार आहे. रजा टाकलीय त्यानं.
फोनवर पिल्लांचं सांगत होता :
सात आहेत, सातही काळी,
कपाळावर ठिपका नाही की पायात पांढरं नाही.
मग ओळखतोस कसा, विचारलं.
"रोज बघतो ना," म्हणाला.
थोडा वेळ गप्प राहिला.
मागे काहीतरी चुं चुं करत होतं.
"एकाची मात्र
अजून खात्री नाही."