वारजे, पावणेआठ

कंपनीनं पत्रक काढलं: गाडीत चौघं असतील
तर पार्किंग दाराशी, पेट्रोलचे अर्धे पैसे.
यादीत माझ्या नावाखाली तुंगारे, ऑडिटचे.
मार्चमध्ये माझं टॅक्सीचं बिल
लाल शेरा मारून परत पाठवणारे
तेच.

पुलाखाली पावणेआठला
ते डबा मांडीवर घेऊन पुढे बसले.
मागे शर्वाणी, आणि कानात बोंडं घातलेला
टेस्टिंगमधला नवा पोरगा.
चांदणी चौकापर्यंत चकार शब्द नाही.
मग तुंगारे म्हणाले, "गिअर बदला, चढ आहे."

दुसऱ्या आठवड्यात कळलं,
ते खिडकीबाहेर बघत नसतात,
मोजत असतात.
बावधन ते वाकड: एकशे बारा गाड्या,
त्यातल्या एकशे चार गाड्यांत
एकेकच माणूस, शेजारी बॅग.
"हा खर्च मी मंजूर केला नसता,"
ते म्हणाले, आणि डब्यातली
शेंगदाण्याची वडी मागे सरकवली.
पोरानं एक बोंडं काढलं.

शनिवारी काम निघालं, एकटाच गेलो.
पुलाखाली पाय आपोआप ब्रेकवर.
कुणीच नव्हतं. एक कुत्रं, रिकामा कठडा.
बावधनच्या सिग्नलला
शेजारच्या बसमधून एका बाईनं
माझ्या गाडीत डोकावून पाहिलं,
पुढची सीट, मागची सीट,
मग मी.

एकशे पाच, मीच म्हणालो,
मोठ्यानं.