चेन्नईला निघालीस तर

रेणुका, लिहून घे, नाहीतर विसरशील.
स्टेशनबाहेर पहिल्या रिक्षाला हो म्हणू नकोस,
तिसऱ्याला म्हण. मीटरचं विचारलंस तर हसेल,
तूही हस, आणि आकडा बोटांवर दाखव.
आपली हिंदी तिथे चालत नाही,
"भिया" म्हटलं तर कुणी वळूनही बघत नाही.
तण्णी म्हणजे पाणी. एवढं पाठ कर.

लॉज इस्पितळाच्या मागच्या गल्लीत घे,
पुढच्या गल्लीत दुप्पट सांगतात.
रिपोर्ट प्लास्टिकमध्ये. हवाच अशी
की कागदालाही घाम फुटतो.
शेव दुसऱ्या दिवशी सादळेल,
तरी ने. ह्यांनी सादळलेलीच
दहीभातावर पसरून खाल्ली,
म्हणाले, सराफ्यात हे का मिळत नाही?

आणि समुद्र.
संध्याकाळी डॉक्टर भेटत नाहीत, तेव्हा जा.
पाण्याकडे पाठ करून फोटो काढू नकोस.
चपला हातात धर. माझी एक तिथेच गेली.
ह्यांनी लाटेला अस्सल इंदुरी शिव्या दिल्या
आणि दुसरीही फेकली,
तिला तरी जोडी होऊ दे, म्हणाले.
ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.
मी अनवाणी लॉजवर आले,
बादलीत पाय धुतले, वाळू संपेचना.

परतीचं तिकीट आधी काढू नकोस,
तारीख डॉक्टरांच्या हातात.
काढशील तेव्हा दोन्ही बर्थ खालचे माग.
इथे उतरलो तर पहाट होती,
रिक्षावाल्यानं विचारायच्या आत
हे "लोकमान्य नगर!" असे ओरडले
की हमाल थांबून बघायला लागला.

पेन मिटू नकोस.
छत्रीचं राहिलंय.