डोंगर, कागदावर जलरंग

वणीहून घुग्गुसकडे निघालं की उजव्या हाताला
जो डोंगर लागतो
तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे.

मी जन्मले तेव्हा इथं सपाट होतं.
काळी माती, पऱ्हाटी, मधेच एखादी बाभूळ,
तिच्याखाली सावलीपेक्षा शेळ्याच जास्त.
तरी चित्रकलेच्या वहीत आम्ही सगळे डोंगर काढायचो.
दोन त्रिकोण, मधे सूर्य,
सूर्याखालून निघालेली नदी.
डोंगर वर्गात कोणीच पाहिलेला नव्हता.
गुरुजी दहापैकी आठ द्यायचे.

मग खाण उघडली.
कोळशावरची माती डंपर आणून ओतत राहिले,
रात्री दिवे लावून,
आणि एका उन्हाळ्यात ध्यानात आलं
की सूर्य आता डोंगरामागं बुडतो.
वहीतल्यासारखा.

त्याच शाळेत आता मी चित्रकला शिकवते.
रविवारी स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसते.
लटारी पिदूरकर म्हशी घेऊन जाताना थांबतात.
"मॅडम, ह्याले काहून काढता? हा काय डोंगर होय?
हा तं मलबा."
"पण वर मोर येतात ना, काका?"
"मोराले काय मालूम."

हे मी चित्राच्या पाठीमागं पेन्सिलनं लिहून ठेवलं.

कंपनीनं झाडं लावली आहेत:
करंज, शिसू, सुबाभूळ, मोजून तीन-तीन मीटरवर,
शाळेच्या पहिल्या दिवशी पाडलेल्या भांगासारखी.
पहिल्या वर्षी मी ती विस्कटून काढली,
हाताला तशीच सवय,
आणि घरी येऊन कागद फाडला.
दुसऱ्या वर्षी रांगेतच काढली,
तर साडीवरची बुट्टी दिसायला लागली.
यंदा फाल्गुनात एक पळस सापडला.
रांगेबाहेर, उतारावर, जरा वाकडा.
त्याला कोणी लावला नाही, कोणी उपटलाही नाही.
तो फुलला
आणि त्याच्या आजूबाजूची सगळी झाडं
चुकीच्या जागी उभी असल्यासारखी वाटली.

पायथ्याशी जुन्या खड्ड्यात पाणी आहे.
इतकं निळं, की डबीतला एकही निळा त्याला पुरत नाही,
थोडा लिंबाचा पिवळा घालावा लागतो.
त्यात मासा नाही. बगळासुद्धा काठावर फार थांबत नाही.
नागपूरच्या प्रदर्शनात एक गृहस्थ
चष्मा वर करून म्हणाले,
"कल्पना छान आहे."

काळा रंग मी काढतच नाही.
कागद ओला असला की तो आपणहून येऊन बसतो,
पुसला तर पसरतो.
अडीच वाजता ब्लास्टिंग होतं,
पेल्यातल्या पाण्यावर कडी उमटतात
आणि कुंचला जिथं असेल तिथं एक दात पाडून जातो.
क्षितिजावरचे ते दात मी आता दुरुस्त करत नाही.

परवा आचल टेकाम, सहावी ब,
डोंगरावरून धावत खाली आली.
वर जायला बंदी आहे, हे तिला मीच सांगितलेलं.
मुठीत राखाडी पाटीसारखा दगड,
आणि दगडावर एक पान.
देठ, मधली शीर, बारीक जाळी, सगळं.
वर अशा झाडाचं एकही पान नाही,
गावात नाही, माझ्या माहितीतल्या कुठल्या रानातही नाही.
सगळ्यात खाली होतं, ते डंपरनं सगळ्यात वर नेऊन टाकलेलं.

"मॅडम, हे कोनं काढलं?"

मी म्हणणार होते, कोणी नाही.
मी म्हणणार होते, तेवीस नंबरच्या डंपरनं.
दगड उलटून पाहिला,
जशी आपण चित्राची मागची बाजू पाहतो.

वारं सुटलं होतं.
कागद उडायला लागला
तेव्हा तोच दगड मी त्याच्या कोपऱ्यावर ठेवला,
आणि आचलला म्हणाले, बस,
तुझ्याकडं पेन्सिल आहे का?