पाचवा रिटेक

बंडा चौगुले गावात येऊन म्हणाला,
रडायला बायका पाहिजेत, मिल्ट्रीचा पिक्चर हाय.
पाचशे रुपये, जेवण, येस्टीचं भाडं.
गडहिंग्लजवरनं आम्ही सात जणी गेलो.

मोरेवाडीच्या माळावर
टेम्पोतनं पेटी उतरली,
दोन पोरांनी, हसत.
मी म्हटलं, एवढी हलकी नसती हो.
ह्यांची सहा जवानांनी उचललेली
तरी एकाचा पाय मुडपला होता.
साहेब म्हणाला, मावशी, तुम्ही फक्त रडा.

रडूच येईना.
तवाबी आलं नव्हतं, खरं सांगायचं तर.
दारात गाडी थांबली तवा डोक्यात एवढंच,
इतक्या माणसांना कपबश्या कुठनं आणू,
आणि म्हस पान्हा चोरतीया.

मग साहेब म्हणाला, बांगड्या फोडा.
बांगड्या त्यांच्याच. हिरव्या. खोकाभर.
एकोणीस वर्षांनी
मेकअपच्या पोरीनं हात दाबून दाबून
कासारणीसारखा भरला.
फोडल्या.
आवाज नीट आला नाही म्हणे.
परत भरला. फोडल्या.
परत.
मनगटाला काच लागली, तिनं पावडर लावली.

पाचव्यांदा भरला
आणि लाईट गेली.
पॅकअप.
पैसे मोजून घेतले.
बांगड्या मागून घ्यायचं पोरगी विसरली.
मीबी.

शेवटच्या येस्टीत
कागल येईपर्यंत हात पदराखाली.
मग अंधार पडला,
खिडकीच्या दांडीवर ठेवला.

रस्ता खराबच हाय तिथनं पुढं.
प्रत्येक खड्ड्याला वाजत होत्या.